कौशल्य शिकवणाऱ्या व्हिडिओत डावा हात दिसायला हवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जीएनएम या परिचर्या पदविकेच्या प्रथम वर्षाला साठ विद्यार्थिनी आहेत, फाउंडेशन लॅबमध्ये सरावाचे पुतळे दोन आणि ट्यूटरही दोनच. वर्षभर आपण प्रोजेक्टरवर प्रोसिजरचे व्हिडिओ दाखवले, मुलींनी ते लक्ष देऊन पाहिले, लेखी परीक्षेत पायऱ्या बिनचूक लिहिल्या, पण पहिल्या पोस्टिंगला रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या राहिल्यावर त्यांचे हात अडले. तेव्हा व्हिडिओचा खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर आयते व्हिडिओ घ्यावेत की स्वतः तयार करावेत, असे आपण विचारले आहे.

परिचर्येचे शिक्षण देण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत आणि त्यांतली शेवटची दहा-अकरा वर्षे मी व्हिडिओ नियमितपणे वापरते. व्हिडिओ जरूर वापरावा, आणि शक्य तितका स्वतःच्या लॅबमध्ये तयार केलेला वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मुलींचे हात अडले याचे कारण व्हिडिओ कमी पडले हे नसून, पाहणे आणि करणे यांच्यामध्ये जो सराव असायला हवा होता त्याची जागा व्हिडिओने घेतली, हे असावे. पाहिल्याने आत्मविश्वास वाढतो आणि तो कौशल्यापेक्षा फार लवकर वाढतो. २०१८ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. डार्ट फेकणे किंवा मूनवॉक करणे यांसारख्या कृतींचा व्हिडिओ लोकांना त्यांनी एकदा किंवा वीस वेळा दाखवला. वीस वेळा पाहणाऱ्यांना ‘आता मला हे जमेल’ असे जास्त वाटू लागले, पण प्रत्यक्ष करायला लावल्यावर त्यांची कामगिरी एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. त्याच मालिकेतील एका प्रयोगात जगलिंगचा, म्हणजे दांडकी हवेत फेकून झेलण्याचा, व्हिडिओ पाहिलेल्यांच्या हातात ते फेकायचे दांडके नुसते धरायला दिले, तेव्हा वाढलेला आत्मविश्वास पुन्हा खाली आला. आपल्या कामात याचा अर्थ सरळ आहे. ज्या तासाला व्हिडिओ दाखवाल त्याच तासाला ती वस्तू, मग ती शिरेत घालायची कॅन्युला असो, नाकातून पोटात सोडायची रायल्स ट्यूब असो किंवा नुसता आर्टरी फोर्सेप्सचा चिमटा असो, प्रत्येक मुलीच्या हातात गेली पाहिजे.

आता व्हिडिओ कशासाठी चांगला आणि कशासाठी अपुरा, हे आधी वेगळे करून घेऊ, कारण सगळ्या क्लिनिकल कौशल्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे बराच गोंधळ होतो. काही कौशल्ये मुख्यतः डोळ्यांची आणि कानांची असतात, आणि तेथे व्हिडिओ उत्तम डेमॉन्स्ट्रेशनपेक्षाही सरस ठरतो. बालकाच्या छातीचे आत ओढले जाणे कितीही वेळा फळ्यावर काढून दाखवले तरी कळत नाही, आणि ते दिसणारे बालक लॅबमध्ये आणता येत नाही. आयएमएनसीआय या नवजात व बालकांच्या आजारांवरील कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात व्हिडिओवरचे अभ्यास घेतले जातात ते याच कारणासाठी. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बालकाचे ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर श्वसन जलद समजावे, हे आकडे मुलींना पाठ असतात. तरीही एका शांत झोपलेल्या बाळाचा एक मिनिटाचा व्हिडिओ लावून सर्वांना एकाच वेळी श्वास मोजायला सांगितले, की पहिल्या दिवशी ३८ पासून ७० पर्यंत उत्तरे येतात. कोणी श्वास आत घेणे आणि बाहेर सोडणे वेगवेगळे मोजलेले असते, कोणी तीस सेकंद मोजून दुप्पट केलेले असते, तर कोणाचे लक्ष छातीऐवजी बाळाच्या चेहऱ्याकडे गेलेले असते. व्हिडिओ पुन्हा तोच लावता येतो, प्रत्येकीला आपली चूक स्वतः सापडते, आणि चार-पाच वेळा मोजल्यावर उत्तरे एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. वॉर्डातल्या बाळाला असे पाच वेळा उघडे ठेवता येणार नाही.

रक्तदाबाचेही तसेच आहे. कफ बांधणे हे हाताचे काम आहे, पण पहिला ठोका कोणता आणि आवाज नाहीसा कुठे झाला हे ठरवणे कानाचे काम आहे, आणि साठ मुलींना एकाच दंडावरचा एकच आवाज ऐकवणे प्रत्यक्षात अशक्य आहे. आम्ही स्टेथोस्कोपच्या नळीत एक लहान कॉलर माइक बसवून आवाज ध्वनिमुद्रित केला आणि त्याच वेळी मापकाचा काटा चित्रित केला. हवा सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटरच्या वेगाने सोडलेली एक चित्रफीत आणि भराभर सोडलेली दुसरी, अशा दोन लागोपाठ लावल्या, तर हवा घाईने सोडल्यावर नोंद का चुकते हे एक वाक्यही न बोलता कळते. एवढ्या एका व्हिडिओने माझे जितके तास वाचवले तितके दुसऱ्या कशानेही वाचवले नसतील.

याउलट बोटांना जे जाणवते ते व्हिडिओत येत नाही. शीर दाबल्यावर मऊ उसळी देते की दोरीसारखी कडक लागते, बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावून चेंडूसारखे घट्ट झाले आहे की लिबलिबीत आहे, सुई शिरेत शिरताना जो सूक्ष्म अडथळा सुटल्यासारखा होतो तो कसा असतो, हे पडद्यावरून शिकवण्याचा प्रयत्न करू नये. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या सीपीआरमध्ये व्हिडिओवरून गती मोजता येते, कोपर वाकते आहे का हे दिसते, पण छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबली गेली की तीनच, हे नुसत्या चित्रावरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यासाठी दाब पुरेसा झाल्यावर खट् आवाज करणारा पुतळाच लागतो.

आता आयते व्हिडिओ आणि स्वतःचे व्हिडिओ. इंटरनेटवर उत्तम दर्जाचे व्हिडिओ आहेत आणि त्यांतले काही मीही दाखवते. पण परदेशातील व्हिडिओत कॅन्युलाची सुई बटण दाबताच कवचात मागे सरकते. आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळणाऱ्या साध्या कॅन्युलाची सुई उघडीच बाहेर येते, आणि ती हातात घेऊन ‘आता ही ठेवू कुठे’ या विचारात मुलगी इकडेतिकडे पाहू लागते. सुई टोचण्याचे अपघात नेमके अशा क्षणी होतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती सुई पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जायची, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि सलाइनची नळी (आयव्ही सेट) लाल पिशवीत. बाहेरच्या व्हिडिओत डब्यांचे रंग वेगळे असतात आणि पुष्कळदा व्हिडिओ कचरा टाकण्याच्या आधीच संपतो. प्रोसिजर मात्र तेथे संपत नाही. म्हणून आपल्या व्हिडिओची सुरुवात हात धुण्यापासून आणि ट्रे लावण्यापासून व्हावी आणि शेवट कचरा योग्य डब्यात जाऊन, हात पुन्हा स्वच्छ होऊन, नोंद लिहिली गेल्यावर व्हावा.

जुन्या व्हिडिओंबाबत अधिक सावध राहावे लागते. रायल्स ट्यूब पोटात गेली का हे पाहण्यासाठी सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवण्याची पद्धत अजूनही असंख्य व्हिडिओंत दिसते. नळी श्वासनलिकेत असली तरी तसा आवाज येऊ शकतो, म्हणून ब्रिटनमध्ये २००५ सालीच या पद्धतीवर विसंबू नये अशी सूचना देण्यात आली. नळीतून बाहेर ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप) ५.५ किंवा त्याहून कमी असणे, आणि शंका असल्यास एक्स-रे, हा आधार धरावा. व्हिडिओ आकर्षक आहे म्हणून तो बरोबर आहे असे नसते. मी कोणताही व्हिडिओ वर्गात लावण्यापूर्वी हातात चेकलिस्ट घेऊन एकदा पूर्ण पाहते, आणि दरवर्षी जूनमध्ये सगळे पुन्हा तपासते.

स्वतः व्हिडिओ करताना सर्वांत जास्त विचार कॅमेरा कोठे ठेवायचा याचा करावा. मी पहिले व्हिडिओ केले तेव्हा कॅमेरा समोर, खाटेच्या पायथ्याशी होता, आणि चित्रात माझा चेहरा, रुग्णाच्या जागी ठेवलेला पुतळा आणि माझा उजवा हात दिसत होता. मुलींनी तेवढेच शिकले. कॅन्युला घालताना त्या उजव्या हाताने सुई अगदी योग्य कोनात धरीत आणि डावा हात खाटेच्या कडेला टेकवून ठेवीत. खरे तर या प्रोसिजरमध्ये निम्म्याहून जास्त काम डावा हात करतो. आधी अंगठ्याने त्वचा खाली ओढून शीर स्थिर धरतो, कारण धरली नाही तर शीर सुईपुढे सरकते. सुईच्या मागच्या भागात रक्त दिसल्यावर, कॅन्युला पुढे सरकवून दंडाला आवळलेला पट्टा (टूर्निकेट) सोडला की सुई काढण्याआधी तोच हात कॅन्युलाच्या टोकाच्या वर शीर दाबून धरतो, म्हणजे रक्त चादरीवर ओघळत नाही. आणि मग हब, म्हणजे कॅन्युलाचा बाहेर राहणारा भाग, धरून ठेवतो. स्त्री रुग्णाला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालतानाही तसेच. डाव्या हाताने एकदा भगोष्ठ बाजूला धरले, की तो हात निर्जंतुक राहिला नाही आणि कॅथेटर आत जाऊन लघवी येईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. मुली हमखास चुकतात ते इथेच: हात सोडतात, किंवा त्याच हाताने कॅथेटरला मदत करायला जातात. माझ्या समोरून काढलेल्या व्हिडिओत हा हात माझ्याच मनगटाआड झाकला गेला होता.

तेव्हापासून आम्ही कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून, किंचित डावीकडून लावतो, म्हणजे पाहणारीला ते हात स्वतःचेच असल्यासारखे दिसतात आणि मनातल्या मनात डावे-उजवे उलटे करावे लागत नाही. दर वर्षी वर्गात दोन-तीन मुली डावखुऱ्या असतात आणि त्यांचा विचार सहसा कोणी करत नाही. मोबाइलवरच्या साध्या संपादनात चित्र आरशासारखे उलटे करता येते. दंडावरच्या किंवा हातावरच्या प्रोसिजरची अशी उलटी प्रत मी त्यांना देते. छाती-पोटाच्या प्रोसिजरला मात्र तसे करू नये, कारण मग हृदय उजवीकडे जाते.

अनुभवी माणूस काम करताना अनेक गोष्टी नकळत करतो आणि म्हणूनच सांगायच्या विसरतो. यावर मला सापडलेला उपाय असा, की चित्रीकरणाच्या वेळी एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीला शेजारी उभे करावे आणि न कळलेली प्रत्येक हालचाल तिथल्या तिथे विचारायची मोकळीक द्यावी. ‘मॅडम, तुम्ही आत्ता करंगळी का टेकवली?’ असे तिने विचारले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी करंगळी रुग्णाच्या हातावर टेकवते, आणि ते सुई स्थिर राहावी म्हणून. निवेदन लिहिताना ही उत्तरे घालावीत. भाषेबद्दल माझा आग्रह आहे की निवेदन मराठीत असावे आणि उपकरणांची, जागांची नावे वॉर्डात बोलतात तशीच इंग्रजीतली ठेवावीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे निम्मे लक्ष इंग्रजी वाक्य समजण्यात गेले, तर हातांकडे पाहायला तिच्याकडे उरते किती?

एक काळजी विशेष घ्यावी. ड्रेसिंगचा एक व्हिडिओ मी मनगटावर घड्याळ ठेवून चित्रित केला होता. पुढच्या आठवड्यात सात मुली घड्याळ घालून ड्रेसिंगला उभ्या राहिल्या आणि त्यांना विचारल्यावर त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले की व्हिडिओत तसेच होते. डेमॉन्स्ट्रेशनमधली चूक त्या तासापुरती राहते, व्हिडिओतली वर्षानुवर्षे शिकवत राहते. म्हणून चित्रीकरण झाल्यावर दुसऱ्या ट्यूटरने आणि शक्य असल्यास वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी तो पाहून मगच वापरात आणावा. अंगठी, बांगड्या, नखे, मास्क नाकाखाली येणे, हातमोजा घातलेल्या हाताने चष्मा सारणे हे सगळे त्या नजरेतून सुटत नाही.

लांबीबद्दल फार बोलायला नको. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचे विश्लेषण झाले, त्यात विद्यार्थ्यांचे लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असे दिसले. कॅथेटरायझेशनचे मी तीन भाग केले आहेत: तयारी, प्रत्यक्ष कृती, आणि नंतरची काळजी व नोंद.

वर्गात कसा वापरावा, यासाठी शल्यचिकित्सक पेटन यांची १९९८ ची चार टप्प्यांची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. पहिल्या टप्प्यात शिक्षक नेहमीच्या गतीने, न बोलता कृती करतो. दुसऱ्यात तीच कृती सावकाश, प्रत्येक पायरी समजावत करतो. तिसऱ्यात विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्यात विद्यार्थी स्वतः सांगत सांगत करतो. यांपैकी पहिले दोन टप्पे व्हिडिओवर सोपवता येतात. मुलींनी ते आदल्या संध्याकाळी होस्टेलवर पाहून यावेत, आणि वर्गात एकदा मोठ्या पडद्यावर लावून मध्येमध्ये थांबवून ‘यापुढे काय, आणि आत्ताच का?’ असे विचारावे. साठ मुली पुतळ्याभोवती गोळा झाल्या की मागच्या दोन रांगांना ट्यूटरच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, हा आपला जुना प्रश्न येथे सुटतो. तिसरा आणि चौथा टप्पा मात्र माणसाने माणसाबरोबरच करायचा आहे. व्हिडिओमुळे वाचलेला वेळ तेथे द्यायचा, तो दुसऱ्या व्हिडिओत घालवायचा नाही. आपल्याकडे गेल्या वर्षी मला वाटते पहिले दोनच टप्पे झाले.

आणि आता ज्याला मी व्हिडिओचा सर्वांत मोलाचा उपयोग मानते त्याकडे येते. तो म्हणजे मुलीला तिचे स्वतःचे हात दाखवणे. एका विद्यार्थिनीने कॅथेटरचा सराव करताना निर्जंतुक हातमोजा ट्रेच्या बाहेरच्या कडेला लावला. मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘नाही मॅडम, लागला नाही.’ ती खोटे बोलत नव्हती. सगळे लक्ष कॅथेटरच्या टोकाकडे असल्यामुळे तिला ते जाणवलेच नव्हते. सरावाचे चित्रीकरण चालू होते. तिला ते एकटीला पाहायला दिले. ती दोनदा मागे नेऊन पाहत राहिली, मग काही न बोलता उठून नवीन हातमोजे घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. माझ्या दहा वेळा सांगण्याने जे झाले नसते ते त्या चाळीस सेकंदांनी झाले.

यासाठी एक मोबाइल आणि एक साधा स्टँड पुरतो. प्रत्येकीचे तीन-चार मिनिटांचे चित्रीकरण करावे. आधी तिने चेकलिस्ट घेऊन एकटीने पाहावे आणि स्वतः खुणा कराव्यात, मग ट्यूटरबरोबर पाहावे. दोघींच्या खुणा जेथे वेगळ्या पडतील तेवढ्याच ठिकाणांवर बोलावे. या चित्रफितीला गुण देऊ नयेत, ती वर्गासमोर लावू नये, व्हॉट्सअॅपवर जाऊ देऊ नये, आणि काम झाल्यावर तिच्या समोर पुसून टाकावी. एका मुलीची चूक एकदा जरी सर्वांसमोर दाखवली गेली, तर पुढच्या मुली कॅमेऱ्यासाठी काम करतील आणि चुका लपवायला शिकतील. रुग्णाच्या खाटेजवळ चूक लपवण्याची सवय ही चुकीपेक्षाही धोक्याची आहे.

रुग्णाचे चित्रीकरण विद्यार्थिनींनी कधीही करू नये, ‘फक्त हातच येतील’ असे म्हणूनही नाही. सरकारी वॉर्डात खाटेवर पडलेली आजी नर्सला नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे तिच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भाग वेगळाच, पण कायदा नसता तरी हे योग्य नव्हते. वॉर्डात जाताना मोबाइल लॉकरमध्ये, हा नियम ट्यूटरनेही पाळावा. मघाशी सांगितलेला श्वास मोजण्याचा व्हिडिओ आमच्या एका सहकारी सिस्टरने स्वतःच्या घरी, स्वतःच्या बाळाचा करून दिलेला आहे.

रुग्णाशी बोलणे मात्र व्हिडिओत हवेच. आमच्या व्हिडिओत पुतळ्याऐवजी एक सहकारी खाटेवर झोपते, आणि टूर्निकेट बांधण्याआधी ‘काकू, आता हाताला जरा आवळल्यासारखं वाटेल, मग थोडं टोचेल, हात हलवू नका हं,’ हे वाक्य येते. सुई टोचण्याचा क्षण तेवढा पुतळ्याच्या हातावर घेतलेला आहे. असे बोलणे ज्या व्हिडिओत नव्हते तो पाहून शिकलेल्या मुली वॉर्डात मुकाट्याने हात पकडीत, कारण पुतळ्याशी कोणी बोलत नाही.

साठ मुली आणि दोन पुतळे यांची वाटणी मी अशी करीन. बारा-बारांचे पाच गट करावेत. दोन गट एकेका ट्यूटरबरोबर पुतळ्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर. तिसरा गट जोडीजोडीने ट्रे लावणे, निर्जंतुक हातमोजे घालणे अशी पुतळ्याशिवाय जमणारी कामे करेल. चौथा गट श्वास मोजण्याचे आणि रक्तदाबाचे व्हिडिओ पाहून नोंदी लिहील आणि शेवटी दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहील. येथे ट्यूटर लागत नाही. पाचवा गट आदल्या फेरीतील स्वतःच्या चित्रफिती चेकलिस्टसह तपासेल. एका दुपारी पाचही जागांवरून प्रत्येकीला फिरणे होणार नाही. दोन दुपारी लागतील, आणि त्या वेळापत्रकात आधीच मागून घ्याव्या लागतील. पहिल्या वर्षी पाचच व्हिडिओ करा: हात धुणे, निर्जंतुक हातमोजे, रक्तदाब, रायल्स ट्यूब आणि स्त्री रुग्णाचे कॅथेटरायझेशन. पहिल्या चार महिन्यांत मुलींना यांचीच गरज पडते. कॅन्युला दुसऱ्या वर्षी घ्या, आणि घ्याल तेव्हा चित्रीकरण सुरू करण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यात डावा हात पूर्ण दिसतो का, तेवढे पाहून घ्या.